डोंगर सोडला कोणी?

प्रिय वहिनी,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं, हे आधीच सांगून टाकते. पण चिडलेल्या माणसानं पत्राची सुरुवात कशी करावी हे मला कुणी शिकवलेलं नाही, आणि कितीही संताप झाला असला तरी तुम्ही मला अप्रिय झालेल्या नाही आहात. तेव्हा तो शब्द राहू दे. पुढचं मात्र गोड लागणार नाही. पत्र हातात पडेल तेव्हा दादा कुठे बसलाय ते बघा, त्या खोलीतून बाहेर या आणि एकटीनं, मनातल्या मनात वाचा. ओठसुद्धा हलवू नका. पंचवीस वर्षं बसस्थानकावर माइकसमोर बसून गाड्या जाहीर केल्यात तुम्ही. तुमचं पुटपुटणंही तीन फलाटांवर ऐकू जातं.

आठ महिने, वहिनी. आठ महिने तुम्ही माझ्या भावाच्या नावानं माझ्याशी लढलात. माझी तीन शहरं घेतलीत, माझं अर्धं आरमार खाडीत कोंडून बुडवलंत, आणि मी मात्र समोर दादा आहे असं धरून चालले. रोज सकाळी कामाला बसण्याआधी अर्धा तास मी त्याच्याविरुद्ध डोकं चालवत होते, त्याला शिव्या घालत होते, कधी नाइलाजानं ‘वा’ही म्हणत होते, आणि समोर होत्या तुम्ही. माझ्या शिव्यासुद्धा चुकीच्या पत्त्यावर गेल्या. माणसाला आपला शत्रू कोण आहे एवढं तरी माहीत असायचा हक्क आहे की नाही?

तुम्ही हा खेळ दादाच्या बाजूनं पाहिलाय. आता माझ्या बाजूनं ऐका. आम्ही लहान असताना आई कपडे वाळत घालायला गेली की दादा पलंगावरची चादर ओढायचा, खाली उशा सारून डोंगर करायचा आणि आईच्या डब्यातली बटणं माझ्यात-त्याच्यात वाटून घ्यायचा. काळी बटणं त्याची, पांढरी माझी. तो सहा वर्षांनी मोठा, त्यामुळे नियम त्याचे. पुढे तो जमिनी मोजायला लागला, चढउतार कागदावर उतरवायचं काम त्यानं जन्मभर केलं, आणि त्याचं मला कधी नवल वाटलं नाही. आमच्या पलंगावरसुद्धा तो आधी उंच उशी गाठायचा, मग युद्ध सुरू करायचा.

नऊ वर्षांपूर्वी मी त्याच्याशी बोलणं टाकलं. का टाकलं ते तुम्हाला माहीत आहे. तरी पुढे लिहिणार आहे, कारण तुम्ही दोघंही ते विसरलात असं दिसतंय. बोलणं तुटल्यावर दोन वर्षांनी माझ्या कॉम्प्युटरवर एक निमंत्रण आलं. जुन्या ग्रीसमधल्या लढायांचा खेळ, दोघांनी खेळायचा. निमंत्रण पाठवणाऱ्याचं नाव ‘मोजणीदार’. शब्द नाही, कशी आहेस नाही, चुकलं नाही. फक्त खाली दोन बटणं, स्वीकारा आणि नाकारा. मी चार दिवस ते तसंच ठेवलं. मग स्वीकारलं. माया दाटून आली म्हणून नव्हे. त्याला एकदा तरी मातीत लोळवावं म्हणून.

सात वर्षं खेळतोय आम्ही. एक डाव सहज वर्षभर चालतो. दोघांनाही दिवसाला एकच चाल. सैन्य हलवायचं, जहाजं हलवायची आणि बटण दाबून चाल पाठवून द्यायची. चालीच्या खाली एक छोटी चौकट असते, तिच्यात समोरच्याला दोन ओळी लिहिता येतात. सात वर्षांत त्या चौकटीत ना त्यानं एक अक्षर लिहिलं, ना मी. पण तुम्हाला सांगते, आम्ही बोलत होतो. एकदा मी तापानं फणफणले होते आणि त्या भरात दोन दिवस वेड्यासारख्या चाली केल्या, वेशी उघड्या टाकल्या. दुसऱ्या कुणी शहर घेतलं असतं. दादानं सैन्य वेशीवरून उचललं आणि नदीपलीकडे नेऊन बसवलं. मी बरी झाले, नीट चाल केली, तसा दुसऱ्या दिवशी परत वेशीवर हजर. मला तेव्हाही रागच आला होता. पण त्या दिवशी जेवण गोड लागलं.

म्हणून सांगते, त्याचा हात मला ठाऊक आहे. तुम्हाला माहीत आहे मी काय काम करते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर मेणात उमटलेले लोकांचे चावे असतात. त्यांवरून मी कवळ्या बनवते. माणूस न बघता, नुसत्या चाव्यावरून मी सांगते की हा उजव्या बाजूनं चावतो, हा झोपेत दात खातो, ही बाई रागावली की जबडा आवळते. आणि अशा बाईला तुम्ही फसवायला निघालात.

दादाचा चावा असा. तो डोंगर सोडत नाही. उपाशी मरेल, पण उंचावरून खाली उतरणार नाही. गोफणवाल्यांना तो पुढे काढतो आणि ते मेले तर मेले, मागे वळून बघत नाही. आणि ढालकऱ्यांची फळी लावताना तो सगळ्या जगाच्या उलट लावतो. त्या लढाईत प्रत्येकाची ढाल डाव्या हातात. ती अर्धी त्याला झाकते, अर्धी डावीकडच्या शेजाऱ्याला. म्हणून जो तो उजवीकडच्याच्या ढालीआड सरकतो आणि अख्खी फळी चालता चालता उजवीकडे कलते. म्हणून सगळे आपले खंदे वीर उजव्या टोकाला ठेवतात. दादा डावीकडे ठेवतो, पन्नास-पन्नास रांगा खोल, आणि उजवी बाजू मागे रोखून धरतो. हे मला कळायला दोन डाव हरावे लागले.

तर आठ महिन्यांपूर्वी, महिनाभर त्याची एकही चाल आली नव्हती त्यानंतर, एका सकाळी मी खेळ उघडला आणि बघते तो दादाचे भालाईत डोंगरावरून खाली उतरून दलदलीत उभे. कारण काही नाही. समोर कुणी नाही, मागे कुणी नाही, आणि हे चिखलात उभे. मी आधी अर्धा तास सापळा शोधला. सापळा नव्हता. मी त्यांना घेरलं आणि त्यांच्यामागचं शहर घेतलं. आनंद झाला का? झाला, दुपारपर्यंत. दुपारी एका कवळीला पॉलिश करताना मनात आलं, डोंगर सोडला कोणी? दादानं? हे शक्य नाही.

दुसऱ्या दिवशीची चाल आली ती थेट त्याची. डावी बाजू जाड, उजवी रोखलेली, माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यानंतर आठवडाभर नीट, आणि मग एक दिवस सगळी जहाजं एकदम बंदराबाहेर, पोरं सहलीला निघावीत तशी. मी सहा बुडवली. दुसऱ्या दिवशी परत दादा. पुढे असंच चाललं. एक दिवस गाढवपणा, दुसऱ्या दिवशी त्याची दुरुस्ती. चाल यायची वेळही बदलली. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला येणारी चाल सकाळी अकराला यायला लागली. माझ्या हातात जणू एकाच तोंडाचा साचा होता आणि दात दोन माणसांचे.

आणि ते गोफणवाले. पाच-सहा महिन्यांपूर्वी खिंडीजवळ तुमच्या एका तुकडीला मी इतकं झोडपलं होतं की तिला चालवत नव्हतं. दादानं तिला तिथेच टाकलं असतं. तुम्ही अख्खं सैन्य तिच्यासाठी थांबवलंत. तीन दिवस, तीन चाली, चार हजार माणसं चाळीस लंगड्यांची वाट बघत उभी. मी म्हटलं, अक्कल गहाण पडलीय याची, आणि सगळी ताकद घेऊन तुटून पडले. पण तुम्ही थांबला होतात तेच मुळी खिंडीच्या तोंडाशी. तिथे माझी फळी पसरेना, मागचे पुढच्यांवर आदळले, आणि एका चालीत मी साफ झाले. मला सांगा, तुम्हाला ती खिंड आहे हे तरी माहीत होतं का? मला वाटतं नव्हतं. तुमच्या दयेपुढे मी हरले, आणि हे मला अजून पचत नाही.

पण तेव्हा मला वाटलं दादा माझी टिंगल करतोय. एक दिवस मुद्दाम हरतोय, दुसऱ्या दिवशी हिसका दाखवतोय, मांजर उंदराला खेळवतं तसा. किंवा त्याहून वाईट म्हणजे माझी कीव करतोय. पन्नाशीची एकटी बहीण, घेऊ दे एखादं शहर. नुसत्या विचारानं माझं डोकं फिरलं. शेवटी दोनएक आठवड्यांपूर्वी, सात वर्षांत पहिल्यांदा, मी त्या चौकटीत लिहिलं, ‘नीट खेळ. मला दया नको.’

दोन दिवस चाली आल्या, चौकट रिकामी. तिसऱ्या दिवशी तीन शब्द आले. ‘प्रयत्न करते आहे.’

करते. करतो नव्हे. मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले, परत येऊन बघितलं. करते. आपल्या भाषेत बाईला लपायला जागाच नाही, वहिनी. एका मात्रेत तुम्ही सापडलात. माझ्या चालीखाली मी एकच शब्द पाठवला, ‘वहिनी?’

आणि मग तुम्ही माझा जो छळ मांडलात त्याला तोड नाही. फोन करा म्हटलं तर नाही. तो घरात असतो, सगळं ऐकतो. म्हणून सांगायचं ते त्याच चौकटीतून, दिवसाला दोन ओळी, तेही चालीबरोबर. म्हणजे माझ्या भावाचं काय झालंय हे कळायला मी रोज आधी त्याच्यावर हल्ला करायचा. मी सात दिवस ते केलं. मी भालाईत पुढे ढकलत होते, कारण चाल पाठवल्याशिवाय तुमच्या पुढच्या दोन ओळी येणार नव्हत्या.

पहिल्या दिवशी, ‘हो, मीच. तुम्हाला कळलंय हे त्यांना सांगू नका.’ दुसऱ्या दिवशी, ‘काचबिंदू. उजवा डोळा गेला. डाव्यानं सावल्या दिसतात.’ त्या दिवशी मी एका म्हातारबुवांची खालची कवळी दोनदा बिघडवली. तिसऱ्या दिवशी, ‘दीड वर्ष झालं. तुम्हाला कळवायचं नाही म्हणाले. कळलं तर ती हळू खेळेल म्हणाले.’

इथे मी थांबते, कारण इथे माझा पारा चढतो तो उतरत नाही. दीड वर्ष. त्या दीड वर्षात तुम्ही मला तीनदा फोन केलात. वाढदिवसाचा एक, सहज म्हणून दोन. मी दादाबद्दल विचारत नाही हे खरं, पण तुम्ही न विचारता सांगता. ‘ते बरे आहेत. जरा डोळ्यांतून पाणी येतं एवढंच.’ एवढंच? डोळे चालले होते आणि तुम्ही मला पाण्याचं सांगत होतात? आयुष्यभर गाड्यांना उशीर झाल्याचं न चुकता जाहीर करणाऱ्या बाईला घरातली एवढी एक गोष्ट जाहीर करता आली नाही? तुमच्या त्या स्वच्छ, थंड आवाजात सांगितलं असतंत तरी चाललं असतं.

आणि तो. त्याला तर दुसऱ्यांदा तीच चूक करताना काही वाटायला हवं होतं. बाबा दवाखान्यात एकोणीस दिवस होते. एकोणीस. मी तेव्हा माझी लॅब नुकतीच टाकली होती, पहिलं मोठं काम हातात होतं. मी एक दिवसाआड फोन करत होते आणि दादा सांगत होता, ‘साधा ताप आहे. तू तुझं काम कर.’ विसाव्या दिवशी फोन आला तो निघून ये म्हणून. मी पोचले तेव्हा बाबांचा पलंगसुद्धा आवरलेला होता. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस, तर तुमच्यासमोर, दवाखान्याच्या त्या हिरव्या भिंतीला टेकून तो म्हणाला, ‘तू येऊन काय केलं असतंस?’ आठवतं का? तुम्ही हातात डबा धरून उभ्या होतात. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत आणि काही बोलला नाहीत.

मी काय केलं असतं? काही नाही. पलंगाशी बसले असते. बाबांनी मला ‘जेवलीस का’ असं विचारलं असतं. दादाशी डॉक्टरांवरून वाद घातला असता. एवढंच. पण ते माझं होतं, आणि मला न विचारता त्यानं ते काढून घेतलं. माझ्या भल्यासाठी. त्याच्यासारखी माणसं चोरीसुद्धा भल्यासाठीच करतात. त्याचं त्याला काही वाटलं असेल असं मी नऊ वर्षं धरून चालले होते. आता कळतंय की काही वाटलेलं नाही, कारण आता तो स्वतःला त्याच पलंगावर झोपवून मला पुन्हा सांगतोय, साधा ताप आहे. आणि तुम्ही पुन्हा डबा धरून उभ्या.

लिहून झाल्यावर हे वाक्य कठोर वाटलं, पण खोडत नाही. पुढे तुमच्या बाजूचंही लिहिते, म्हणजे फिटंफाट होईल.

चौथ्या दिवशी तुम्ही लिहिलंत की त्यानं बोलणं सोडलं होतं. खिडकीकडे तोंड करून बसायचा, ताट समोर ठेवलं तर हात लावायचा, नाही तर नाही. एक महिना. पाचव्या दिवशी, ‘तुमची चाल येऊन पडली होती. मी उघडली, मोठ्यानं वाचायला लागले. काही कळत नव्हतं.’ मी डोळ्यांसमोर आणून बघितलं. तुम्ही खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसलात, चष्मा लावलात आणि बसस्थानकाच्या आवाजात वाचायला सुरुवात केलीत. स्पार्टाचे दोन हजार ढालकरी नदीकाठी येत आहेत. पाठ फिरवून बसलेल्या माणसासमोर. मग न समजता तुम्ही भालाइतांना डोंगरावरून उतरवलंत, बटण दाबलंत आणि काय केलंत तेही वाचून दाखवलंत. सहाव्या दिवशी तुम्ही लिहिलंत की तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. ‘अगं, डोंगर कशाला सोडलास?’ महिन्यानंतरचा पहिला शब्द. आणि मग अर्धा तास तो तुम्हाला रागावत होता आणि तुम्ही तोंडाला पदर लावून ऐकत होतात.

आणि त्याच्या खाली, जागा नव्हती म्हणून बारीक करून, ‘तेव्हापासून कधी कधी मुद्दाम चुकते.’

वहिनी, हे वाचून मी काय करायचं होतं? मी जिंकलेली शहरं तुम्ही मला टाकलेले तुकडे होते. त्या सहा जहाजांवर मी आठवडाभर फुशारले होते. माझं सगळं शौर्य म्हणजे तुमच्या नवऱ्याला बोलतं करायची गोळी, सकाळी अकराला एक. आणि औषधाला कुणी विचारतं का, तुला चालेल का म्हणून? मी संतापले. पार संध्याकाळपर्यंत संतापले होते. पण ज्या बाईला ढाल आणि गोफण यातला फरक माहीत नव्हता, तिनं नवऱ्याच्या तोंडून एक शब्द यावा म्हणून हा सगळा खेळ शिकून घेतला, त्यात हरायचं कुठे तेही शिकून घेतलं, याला काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. म्हणून मी पुन्हा संतापले. माझं डोकं तेवढ्याच रस्त्यानं चालतं.

त्याचं म्हणणं खरं आहे, कळलं असतं तर मी हळू खेळले असते. पहिले दोन दिवस. मग त्यानं माझी एखादी वेस फोडली असती आणि मी दात-ओठ खाऊन उलटले असते. एवढी पारख त्याला असायला हवी होती. जमिनीचा बोटभर उतार ओळखणाऱ्या माणसाला बहीण ओळखता येत नाही. तो आंधळा झाला तो दीड वर्षांपूर्वी नव्हे, हे त्याला सांगायची माझी फार इच्छा आहे.

सातव्या दिवसाच्या ओळी मी कागदावर उतरवून ठेवल्यात. ‘डाव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं तर आहे तेवढं टिकेल. नाहीतर तेही जाईल. ते नाही म्हणतात.’ मी विचारलं, का? आणि मग परवा आलेलं ते उत्तर, ‘सावली राखून काय करायचं म्हणतात. शनिवारपर्यंत डॉक्टरांना कळवायचंय. माझं ऐकत नाहीत.’ तुमचं तो कसा ऐकेल? तुम्ही त्याच्याशी प्रेमानं बोलत असणार. समजावत असणार. रडतही असाल एखादे वेळी. आणि ज्यानं जन्मभर डोंगर सोडला नाही तो आता एका खुर्चीला डोंगर समजून बसलाय. समजावून त्याला आजवर कुणी खाली उतरवलेलं नाही. त्याला मी सात वर्षांत चारदा उतरवलंय, आणि चारही वेळा भांडून. उतरायला भाग पाडायचं असेल तर त्याचा रस्ता एकच, त्याला इतकं डिवचायचं की तो रागानं स्वतःच उठतो. दया आली असं त्याला एकदा वाटलं की तो दगड होतो. माझ्याजवळ दया नाही. नऊ वर्षांचा साठलेला राग आहे, ताजा आणि भरपूर. तुमच्याजवळ नाही ते नेमकं माझ्याजवळ आहे, एवढंच मला या आठ दिवसांत कळलं.

आता कागदावर का लिहिलं ते सांगते. तुम्हीच लिहिलं होतंत की घरातला फोन आता आलेला प्रत्येक निरोप मोठ्यानं वाचून दाखवतो, दादासाठी तसा लावून घेतलाय म्हणून. खेळाच्या चौकटीतलं तेवढं त्या फोनला वाचता येत नाही, पण चौकट दोन ओळींची, आणि माझा राग तुम्ही बघताच आहात केवढा आहे तो. म्हणून पाकीट. हे तुम्हाला सोमवारी मिळेल. गुरुवारी दुपारी तीनच्या गाडीनं मी येते. लॅब चार दिवस बंद ठेवलीय, लोकांनी चार दिवस पातळ खावं. न्यायला येऊ नका, पाहुणीसारखं काही करू नका, आणि त्याला सांगू नका. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. त्याच्यासाठी माझ्यापासून दीड वर्ष लपवलंत, आता माझ्यासाठी त्याच्यापासून तीन दिवस लपवा. तेवढं तुमच्याकडे माझं येणं आहे. तोवर रोज सकाळी अकराला चाल येऊ द्या, मी उत्तर देईन, जोरात देईन, त्याला संशय येता कामा नये. गुरुवारी मी दार वाजवलं की ते तुम्हीच उघडा. तो आतून विचारेल, ‘कोण आलंय?’ तुम्ही गप्प राहा. सांगेन मी.

तुमचीच, अजून रागावलेली,
समोरच्या सैन्यातली नणंद